दोन 'सस्टेनेबल' कन्झर्वेटिव्ह फंड, एकाची फी दुपटीहून जास्त: किवीसेव्हरचे पैसे हलवावेत का?

प्रश्न असा आहे. हॅमिल्टनच्या एक ताई, वय ५७, रेस्ट होममध्ये नर्स. किवीसेव्हरमध्ये, म्हणजे न्यूझीलंडच्या निवृत्तीसाठीच्या बचत योजनेत, १,२०,००० डॉलर जमलेत आणि ते कन्झर्वेटिव्ह (शेअर्स कमी, रोखे आणि रोकड जास्त) फंडातच ठेवायचे हे त्यांचं ठरलंय. समोर दोन फंड आहेत, दोन्हींच्या नावात 'सस्टेनेबल'. पहिल्याची फी वर्षाला ०.४५ टक्के, पाच वर्षांचा सरासरी परतावा २.४ टक्के. दुसऱ्याची फी १.०५ टक्के, वर ३६ डॉलर सभासद फी, आणि परतावा ३.१ टक्के. ताईंनी परताव्यातून फी वजा केली. पहिल्याचे उरले १.९५, दुसऱ्याचे २.०५. म्हणजे महाग फंड तरीही थोडा पुढेच. त्यात मुलीचं म्हणणं, "जास्त फी घेतात म्हणजे पर्यावरणाचं काम जास्त मनापासून करत असणार." सध्या पैसे स्वस्त फंडात आहेत. हलवू का?

ताई, दोन्हींच्या फंड अपडेटचे (फी, परतावा आणि गुंतवणूक छापलेल्या माहितीपत्रकाचे) फोटो टाकलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. मी सतरा वर्षं ऑकलंडमध्ये आर्थिक सल्लागाराचं काम करतो, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक तुमच्याच वयाचे असतात. तुमच्या घरावर कर्ज किती, मिस्टरांचं उत्पन्न काय, पासष्टीनंतर इथे राहणार की परत जाणार, यातलं काहीच मला माहीत नाही. त्यामुळे 'अमुक फंड घ्या' असं मी लिहिणार नाही. पण त्या दोन कागदांवर जे दिसतंय त्यावरून जादा फी द्यावी असं कारण मला सापडलं नाही. का, ते सविस्तर सांगतो.

आधी वजाबाकी. फंड अपडेटमध्ये परताव्याचा जो पहिला आकडा छापतात तो फी आणि कर दोन्ही कापूनच छापलेला असतो, कराचा दर २८ टक्के धरून. २.४ आणि ३.१ या आकड्यांतून फी आधीच गेलेली आहे. तुम्ही ती पुन्हा वजा केलीत. ही चूक इतके जण करतात की नव्या माणसाबरोबर बसताना मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारूनच सुरुवात करतो. म्हणजे महाग फंड ०.१० टक्क्याने पुढे नाही, तर तब्बल ०.७० टक्क्याने पुढे आहे. (३६ डॉलर त्या आकड्यात धरलेले नसतात, ते वेगळे.) यामुळे महाग फंडाची बाजू तुम्हाला वाटली होती त्याहून भक्कम दिसते. ती तशी मांडूनच पुढे जातो, नाहीतर मी स्वस्त फंडाच्या बाजूने ओढतोय असं होईल.

आता दोन्ही कागदांचं दुसरं पान बघा, जिथे गोल तक्ता आहे: पैसे कुठे गुंतवलेत. स्वस्त फंडात शेअर्स आणि प्रॉपर्टी मिळून १८ टक्के, बाकी रोखे (बाँड, म्हणजे सरकार, बँका, कंपन्यांना दिलेलं कर्ज) आणि बँकेतली रोकड. महाग फंडात तेच ३२ टक्के. दोघेही 'कन्झर्वेटिव्ह'च. सॉर्टेड या संकेतस्थळावर फंडांची तुलना करणारं 'स्मार्ट इन्व्हेस्टर' आहे, त्यात १० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान शेअर्स-प्रॉपर्टी असलेला प्रत्येक फंड कन्झर्वेटिव्हमध्ये बसतो. केवढा रुंद पट्टा आहे बघा. एक फंड त्याच्या मध्याच्याही खाली आहे, दुसरा जवळजवळ 'बॅलन्स्ड'च्या, म्हणजे त्याहून जास्त शेअर्सवाल्या गटाच्या दारात उभा आहे. अशा दोघांचे परतावे शेजारी ठेवून कोण हुशार हे ठरवता येत नाही.

हिशेब करून बघू. समजा गेल्या पाच वर्षांत शेअर्सनी रोख्यांपेक्षा वर्षाला सरासरी ६ टक्के जास्त दिले. हा मी धरलेला आकडा आहे, तुम्ही ५ किंवा ७ धरून बघा. महाग फंडात १४ टक्के शेअर्स जास्त आहेत. १४ टक्क्यांवर ६ टक्के म्हणजे ०.८४. एवढा जादा परतावा निव्वळ शेअर्स जास्त असल्यामुळे मिळाला, त्यात कोणाची कर्तबगारी नाही. आता फी कापण्याआधीचे आकडे काढू: ३.१ अधिक १.०५ म्हणजे ४.१५, आणि २.४ अधिक ०.४५ म्हणजे २.८५. करामुळे हे थोडे इकडेतिकडे होतील, पण फरक साधारण १.३० चा. त्यातले ०.८४ शेअर्सचे. उरले ०.४६. मॅनेजरच्या कौशल्याला, नशिबाला, रोख्यांच्या निवडीला, सगळ्याला मिळून श्रेय द्यायचं तर ते ०.४६ चं. आणि त्यासाठी जादा फी किती? ०.६० टक्के. म्हणजे सेहेचाळीस पैशांचं काम करून साठ पैसे घेतले.

तुम्हाला ३२ टक्के शेअर्सचाच फंड हवा असेल तर तोही महागात घ्यायची गरज नाही. बऱ्याच स्कीममध्ये शिल्लक दोन फंडांत विभागता येते. सध्याच्याच प्रोव्हायडरकडे ८० टक्के शेअर्सचा ग्रोथ फंड असेल, तर शंभरातले बावीस-तेवीस डॉलर त्यात आणि बाकीचे आहेत तिथेच ठेवले की मिश्रण ३२ टक्क्यांवर येतं. ग्रोथ फंडाची फी थोडी जास्त असते, पण त्या वाट्यापुरतीच.

आता फी पैशांत मांडू, कारण टक्क्यांत तिचं वजन कळत नाही. फीचं बिल घरी येत नाही. युनिटच्या किमतीतून ती रोज थोडी थोडी कापली जाते, म्हणून डोळ्याला दिसतच नाही. तुमच्या शिलकीवर स्वस्त फंड वर्षाला ५४० डॉलर घेतो. महाग फंड १,२६० अधिक ३६, म्हणजे १,२९६. फरक ७५६ डॉलर. याच्या शेजारी एक दुसरी रक्कम ठेवा. किवीसेव्हरमध्ये सरकार जे वर्षाला घालतं ते १ जुलै २०२५ पासून निम्मं झालं: डॉलरमागे २५ सेंट, जास्तीत जास्त २६०.७२ डॉलर. २०२५ मध्ये ही कपात जाहीर झाली तेव्हा माझा फोन दोन दिवस खणखणत होता, आणि लोकांचं वाईट वाटणं रास्तच होतं. पण इथे आपण त्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट रक्कम एका सहीवर सोडून द्यायच्या बेतात आहोत, तिची हळहळ कोणाला वाटत नाही. म्हणून मी हा विषय इतका लावून धरतो.

ग्रोथ फंडात १ टक्का फीसुद्धा खपून जाते, कन्झर्वेटिव्हमध्ये ती बोचते. कारण परतावाच लहान. फीआधी, कर जाऊन, पुढे वर्षाला ४ टक्के मिळतील असं धरा. त्यातले १.०५ गेले म्हणजे चारातला एक वाटा गेला. ०.४५ गेले तर नवातला एक. मिश्रण सारखंच ठेवलं, ४ टक्के दोन्हीकडे मिळाले आणि एक डॉलरही नव्याने भरला नाही असं समजलं, तरी आठ वर्षांनी, तुमच्या पासष्टीला, स्वस्त फंडात साधारण १,५८,६०० डॉलर असतील आणि महाग फंडात १,५१,४००. सात हजारांहून जास्त. सभासद फी त्यात धरलेली नाही.

आता तुमच्या मुलीचा मुद्दा. तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. तिला पैशाची नाही, पैसा कुठे जातो याची काळजी आहे. २०१६ साली न्यूझीलंड हेराल्डने किवीसेव्हरचे पैसे क्लस्टर बॉम्ब आणि भूसुरुंग बनवणाऱ्या कंपन्यांत असल्याचं छापलं, तेव्हा माझ्या ऑफिसात एक आजी डोळ्यांत पाणी आणून बसल्या होत्या. "माझे पैसे?" एवढंच म्हणत होत्या. त्या दिवसापासून होल्डिंग्जची, म्हणजे फंडाने पैसे कुठे घातलेत त्याची, यादी बघितल्याशिवाय मी कोणाला फंड दाखवत नाही. त्यामुळे 'सस्टेनेबल' हा शब्द मी हलक्यात घेत नाही. पण त्या शब्दाने कन्झर्वेटिव्ह फंडात नेमकं काय होतं ते तिला समजावून सांगा.

फंडाच्या पहिल्या दहा गुंतवणुकी कागदावर दिलेल्या असतात. तुमच्या महाग फंडाच्या यादीत पहिल्या नंबरवर बँकेतली रोकड आहे. पुढे न्यूझीलंड सरकारचे रोखे, मग नगरपालिकांना कर्ज देणाऱ्या एलजीएफएचे रोखे, मग बँकांचे. तुमच्या स्वस्त फंडाच्या यादीत? जवळजवळ तीच नावं, थोड्या वेगळ्या क्रमाने. सरकारी रोख्यांतून तंबाखू वगळायची कशी? तेल, शस्त्रं, तंबाखू यांना चाळण लावायचं काम मुख्यतः शेअर्सच्या भागात होतं. महाग फंडात तो भाग ३२ टक्के, म्हणजे तुमच्या पैशांतले ३८,४०० डॉलर. आणि जादा फी मात्र सगळ्या १,२०,००० वर. ती ७२० डॉलरची जादा फी त्या ३८,४०० वरच आकारली असं समजलं तर १.९ टक्क्याच्या जवळ जाते. चाळणीची ही किंमत कोणालाही पटणार नाही.

चाळणी मुळात महाग नसते, याचा पुरावा सरकारनेच दिलाय. १ डिसेंबर २०२१ पासून डिफॉल्ट फंडांना (स्वतः फंड न निवडणाऱ्यांना ज्यात घालतात त्यांना) जीवाश्म इंधनाचं उत्पादन आणि बेकायदा शस्त्रं यांत पैसे घालायला बंदी आहे, आणि त्याच वेळी सरकारने प्रोव्हायडर निवडताना कमी फीचाही आग्रह धरला. (तेव्हाच डिफॉल्ट फंड कन्झर्वेटिव्हचे बॅलन्स्ड झाले.) म्हणजे ज्यांनी कधी फंड निवडलाच नाही त्यांनाही ही मूलभूत चाळणी स्वस्तात मिळते.

खरं काम कुठे असू शकतं, तर रोख्यांत. आणि इथे मी महाग फंडाला संधी देईन. ऑकलंड कौन्सिलने २०१८ मध्ये हरित रोखे (पैसा पर्यावरणाच्या कामालाच लावायचा, असे रोखे) काढले ते विजेवरच्या लोकल गाड्यांसाठी. सरकारचे पहिले हरित रोखे नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, २०३४ मुदतीचे, ३ अब्ज डॉलरचे. असे रोखे शोधून, त्यांचा पैसा कुठे लागला याचा पाठपुरावा करणारा मॅनेजर असेल तर त्याला चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही. पण रोख्यांत गुंताही असतो. तुम्ही हॅमिल्टनच्या, वाइकाटो नदीकाठी हंटलीच्या वीजकेंद्राच्या त्या दोन उंच चिमण्या कधी ना कधी बघितल्याच असतील. तिथे जेनेसिस ही वीज कंपनी कोळसा आणि गॅस जाळून वीज करते. त्याच कंपनीने हरित रोखेही विकलेत. आता हे रोखे घेणारा फंड 'सस्टेनेबल' की नाही? माझं मत, कंपनी कोळशापासून दूर जात असेल तर घ्यावेत. तुमच्या मुलीचं मत कदाचित उलट असेल, आणि तिचंही चूक म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की फंडाने याबद्दल स्वतःचं धोरण लिहून ठेवलंय का? १.०५ टक्के घेणाऱ्याने ते लिहिलेलं असायलाच हवं.

शिवाय 'चांगलं' म्हणजे काय हे प्रत्येक घरात वेगळं. माझ्याकडे एक जैन कुटुंब आहे, मूळचं सांगलीचं. त्यांना तेलापेक्षा कत्तलखान्यांची जास्त काळजी. त्यांनी तीन 'एथिकल' फंड पसंत केले होते, आणि तिन्हींच्या वगळण्याच्या यादीत मांसउद्योगाचं नाव नव्हतं. नाव वाचून काही कळत नाही. माइंडफुल मनीच्या संकेतस्थळावर फंडाचं नाव टाकलं की तेल, शस्त्रं, तंबाखू, प्राण्यांचे हाल असं एकेक सदर करून पैसे कुठे आहेत ते दिसतं, तेही फुकट. मुलीला शेजारी बसवून दोन्ही फंड तिथे टाकून बघा. महाग फंडाची यादी खरोखरच स्वच्छ निघाली तर मी माझं मत थोडं बदलेन. थोडंच.

'कन्झर्वेटिव्ह' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. २०२२ च्या मध्यावर माउंट रॉस्किलचे एक काका, आयुष्यभर बस चालवलेले, मोबाइल पुढे धरून मला म्हणाले, "अहो, कन्झर्वेटिव्ह म्हणजे एफडीच ना? मग हे लाल का?" त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा निवत होता आणि काकू पाठमोऱ्या उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मी त्यांना सांगितलं ते असं. तुमच्याकडे २ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा आहे. उद्या बाजारात तसाच नवा रोखा ५ टक्क्यांनी मिळू लागला तर तुमचा जुना कोण पूर्ण किमतीला घेईल? त्याची किंमत पडणार, आणि मुदत जितकी लांब तितकी जास्त पडणार. ऑक्टोबर २०२१ च्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या रिझर्व्ह बँकेचा मूळ व्याजदर (ओसीआर) ०.२५ टक्के होता, मे २०२३ मध्ये तो ५.५० झाला. त्या काळात शेअर्स पडले आणि रोखेही पडले. रोख्यांचा आधार वाटतो तो नेमका तेव्हाच मिळाला नाही. काका थांबले, पैसे हलवले नाहीत, आणि नंतर शिल्लक भरून आली. पण त्यांची ती पहिली रात्र झोपेविना गेली. मी त्यांना हे आधीच सांगायला हवं होतं.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की तुमच्या दोन्ही फंडांचा पाच वर्षांचा आकडा ते पडझडीचं वर्ष पोटात घेऊन बसलाय. ते वर्ष पाच वर्षांच्या चौकटीबाहेर पडलं की सरासरी एकदम सुधारलेली दिसेल आणि जाहिरातींत झळकेल. मॅनेजर काही एका रात्रीत हुशार झालेला नसेल. फक्त चौकट सरकलेली असेल. म्हणून मी पाच वर्षांच्या आकड्यापेक्षा वर्षावार दांड्यांचा आलेख जास्त वेळ बघतो, आणि सगळ्यात वाईट वर्षी किती पडला ते विचारतो. फंड अपडेटमध्ये 'फी कापून पण कर न कापता' असा दुसरा आकडा असतो, तो बाजार-निर्देशांकाच्या ओळीशी ताडून बघा. निर्देशांकात फीही नसते आणि करही नसतो, म्हणून त्या ओळीच्या जवळात जवळचा हाच.

आणि एफडीची सुरक्षितता हवी असेल तर ती एफडीतच आहे. १ जुलै २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना प्रत्येक संस्थेत माणशी १,००,००० डॉलरपर्यंत संरक्षण मिळालंय. किवीसेव्हरच्या फंडांना ते लागू नाही, आणि सरकारची दुसरी कोणतीही हमी नाही.

आता मला माहीत नसलेल्या, पण उत्तर बदलू शकणाऱ्या गोष्टी. पासष्टीला सगळे पैसे एकदम लागणार आहेत का, घराचं कर्ज फेडायला वगैरे? तसं असेल तर ३२ टक्के शेअर्स मला जास्त वाटतात, फी कितीही असो. पैसे पंच्याऐंशीपर्यंत पुरवून खायचे असतील तर उलट १८ टक्के कमी पडतील अशी मला भीती आहे. पासष्टीला किवीसेव्हर बंद करावं लागत नाही, पैसे आत ठेवून लागतील तसे काढता येतात, त्यामुळे तुमची मुदत आठ नाही तर अठ्ठावीस वर्षांची असू शकते. पासष्टीआधीच कायमचं भारतात परतायचं असेल तर देश सोडल्यानंतर एक वर्ष थांबून पैसे काढता येतात, पण सरकारने घातलेली रक्कम त्यात मिळत नाही.

तुमचा पीआयआर, म्हणजे फंडाच्या उत्पन्नावर लागणारा तुमचा कराचा दर, तोही तपासा. नर्सच्या पगारावर तो बहुतेक २८ टक्केच असेल. पण कामाचे तास कमी केलेत आणि करपात्र उत्पन्न ५३,५०० डॉलरच्या आत आलं, तर फंडाचं उत्पन्न धरून एकूण ७८,१०० च्या आत असेपर्यंत १७.५ चा दर लागू शकतो. हा फरक फुकटात मिळतो.

माझ्या मते आता करायचं ते एवढंच. पैसे आत्ता आहेत तिथेच राहू द्या, घाई कसलीच नाही. महाग फंडाला एक ईमेल लिहा आणि तीन गोष्टी विचारा: रोख्यांची सरासरी मुदत किती, रोख्यांमधल्या कंपन्या निवडताना पर्यावरणाचा कोणता लेखी निकष लावता, आणि गेल्या वर्षी त्या निकषावर कोणती कंपनी नाकारली. तिसऱ्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर आलं तर ते इथे टाका, आपण त्यावर पुन्हा बोलू. नुसती रंगीत पुस्तिका जोडून आली तर मला लिहायचीही गरज नाही. स्वतःच्या प्रोव्हायडरला मात्र लगेच फोन करून शिल्लक दोन फंडांत विभागता येते का ते विचारून घ्या, आणि मिस्टरांच्या किवीसेव्हरचं फंड अपडेटही मागवा. घरात एकाचा कागद नीट बघितला जातो आणि दुसऱ्याचा वर्षानुवर्षं कोणी उघडतच नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.